पावसाळाभर उभी असलेली स्पोर्ट्स कार आणि उतरलेली बॅटरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच स्पोर्ट्स कार कव्हर घालून बेसमेंटमध्ये जातात आणि गणपतीच्या आसपास कव्हर निघतं. किल्लीचं बटण दाबलं तर दिवा लुकलुकत नाही, कुलूप उघडत नाही, गाडी ढिम्म. इथली उत्तरं मुख्यतः २००४ ते २०१२ या काळातल्या पोर्शे ९११ (९९७ पिढी) आणि बॉक्सटर-केमन (९८७ पिढी) डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, कारण बॅटरी उतरल्यावर सगळ्यात जास्त फजिती याच गाड्या करतात. विजेचा हिशेब मात्र कुठल्याही गाडीला लागू आहे.

गाडी तर बंद होती. मग बॅटरी उतरली कशी?

आजची गाडी कधीच पूर्ण बंद नसते. अलार्म जागा असतो, इमोबिलायझर जागा असतो, किल्लीचा सिग्नल ऐकणारा रिसीव्हर चोवीस तास कान लावून बसलेला असतो, घड्याळ चालू असतं. या सगळ्यांना मिळून निरोगी गाडीत साधारण २० ते ५० मिलिअँपिअर करंट लागतो. आकडा किरकोळ वाटतो, पण हिशेब मांडून पाहा. ४० मिलिअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास. बॅटरी ७० अँपिअर-तासांची असेल तर महिनाभरात तिचं चाळीस टक्क्यांहून जास्त पोट रिकामं होतं. सेल्फ मारायला बॅटरीत निम्म्याच्या वर चार्ज असलेला बरा, त्याखाली खात्री नाही. म्हणजे गाडीत काहीही बिघाड नसताना पाचव्या आठवड्यापासून धोका सुरू होतो आणि पावसाळा असतो चार महिन्यांचा.

शिवाय बॅटरी स्वतःहूनही थोडी थोडी उतरत असते. उष्णता वाढली की हा वेग वाढतो, त्यामुळे एप्रिल-मे उन्हात काढून मग बेसमेंटमध्ये गेलेली बॅटरी आधीच थकलेली असते. ती ऐन पावसाळ्यात जीव टाकते आणि दोष पावसाला लागतो.

मी दर रविवारी पहाटे सी लिंकवर चक्कर मारतो. तरीही उतरली, असं कसं?

कारण ती चक्कर पुरत नाही. गंमत अशी की सेल्फ मारायला फारसं काही खर्च होत नाही. २०० अँपिअर दोन सेकंद घेतले तरी अँपिअर-तासात तो खर्च ०.१ च्या आसपास येतो. खरा खर्च उभं राहण्याचा आहे, आठवड्याला सहा-सात अँपिअर-तास.

आता ते भरून निघायला हवेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू ५.६ किलोमीटरचा. पहाटे रस्ता मोकळा असला तर जाऊन-येऊन गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालते. त्यात एसी, दिवे, पंखे. अल्टरनेटर ताकदवान असला तरी बॅटरी हावऱ्यासारखी चार्ज घेत नाही. जसजशी भरत जाते तसतसा तिचा घास लहान होतो, आणि शेवटचे वीस टक्के भरायला कित्येक तास लागतात. म्हणजे दर रविवारी तुम्ही हप्ता भरताय, पण त्यात व्याजच फिटतंय, मुद्दल तशीच. बॅटरी कायम सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर रेंगाळते, प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात, ते कडक होतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. दोन वर्षांत चांगली बॅटरी 'अचानक' मरते ती अशी.

रविवारची चक्कर सोडू नका, ती इंजिनासाठी, टायरसाठी, ब्रेकसाठी चांगलीच आहे. फक्त सी लिंकवरून परत फिरण्याऐवजी खंडाळ्याला नाश्ता करून या.

मग वॉचमनला सांगून आठवड्यातून दहा मिनिटं गाडी नुसती चालू करून ठेवली तर?

हा सल्ला सगळ्यांत जास्त दिला जातो आणि सगळ्यांत वाईट आहे. जागेवर उभ्या गाडीत अल्टरनेटर धिम्या गतीने फिरतो, बॅटरीला नाममात्र मिळतं. थंड इंजिन जास्त पेट्रोल ओढतं, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडेल इतकी उष्णता दहा मिनिटांत येत नाही, मग ते आतच राहून गंजवतं. आणि बेसमेंट बंदिस्त असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न वेगळाच, तो थेट वॉचमनच्या जिवाशी. चालवायची असेल तर इंजिन ऑइल नीट तापेपर्यंत चालवा, नाहीतर हात लावू नका.

बॅटरी फक्त उतरली आहे की कायमची गेली आहे, हे कसं ओळखायचं?

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास बंद ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज बघा. साध्या लेड-अॅसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे तळाला आलेली. एजीएम बॅटरी (अॅसिड काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी) भरलेली असताना १२.८ किंवा थोडी वर दाखवते, म्हणून तिच्यात १२.५ दिसलं तर खूश होऊ नका.

कानानेही बरंच कळतं. सेल्फ मारल्यावर 'कट-कट-कट' असा पटापट आवाज आला तर बॅटरीत थोडा जीव आहे, पण स्टार्टर फिरवण्याइतका नाही. एकदाच 'टक्' होऊन शांत झालं आणि दिवे मात्र लख्ख असतील तर संशय स्टार्टरवर किंवा ढिल्या टर्मिनलवर घ्या. काहीच आवाज नाही आणि आतला दिवाही लागत नाही, तर बॅटरी पार तळाला गेली आहे.

रात्रभर चार्जिंगला लावून, मग काही तास नुसती ठेवून पुन्हा मोजा. १०.५ च्या आसपासच अडून बसली असेल तर सहापैकी एक सेल गेला, तिच्यावर आणखी वेळ घालवू नका. १२.६ दाखवतेय, पण सेल्फ मारताना ९ च्या खाली कोसळतेय, तर ती वरून भरलेली आणि आतून पोकळ आहे. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्टर लावून हे मिनिटभरात बघून देतात.

बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि डिकीचं बटण विजेवर चालतं. वीज नाही तर डिकी उघडायची कशी?

इंजिन मागे असल्यामुळे या गाड्यांत सामानाची डिकी पुढे आणि बॅटरी त्याच डिकीत, काचेच्या पायथ्याशी प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. डिकीचं कुलूप उघडतं ड्रायव्हरच्या सीटशेजारच्या बटणाने. बटणाला लागते वीज. वीज डिकीत कोंडलेली. पोर्शेच्या इंजिनिअरांनी यावर एक चोरवाट ठेवली आहे, पण बहुतेक मालकांना ती गाडी बंद पडल्यावरच कळते.

किल्लीचं धातूचं पातं वापरून ड्रायव्हरचं दार उघडा. आत पायाजवळच्या बाजूच्या आवरणामागे फ्यूज बॉक्स आहे. तो नेमका कुठल्या बाजूला, हे गाडीच्या हँडबुकात बघून ठेवा, आणि शक्यतो आजच बघा. झाकण काढलं की फ्यूजांच्या रांगेत एक लाल टर्मिनल दिसतं, ते बोटांनी ओढून बाहेर येतं. बाहेरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह त्याला लावायचं. निगेटिव्ह लावायचं दाराच्या चौकटीवरच्या त्या जाड धातूच्या कडीला, जिच्यात दाराचं कुलूप अडकतं. रंगावर लावलं तर काही होणार नाही, उघडा धातू हवा.

चिमटा टेकला रे टेकला की अलार्म बोंबलायला लागतो. गाडीच्या दृष्टीने कुणीतरी दार फोडून वीज चोरतंय. दचकून चिमटा सोडू नका. किल्लीच्या रिमोटने एकदा लॉक-अनलॉक करा, आवाज थांबतो. बेसमेंटमध्ये तो आवाज इतका घुमतो की आधी गेटवर सांगून ठेवलेलं बरं. मग डिकीचं बटण दाबा, 'खट्' आवाज येईल, कुणालातरी पुढे उभं करून झाकण लगेच उचलायला सांगा. उचललं की आधी चिमटे काढा आणि लाल टर्मिनल आत ढकला.

या चोरवाटेने गाडी सुरू करायचा प्रयत्न करायचा नाही. ती वायर डिकी उघडण्यापुरती आहे, स्टार्टरचा करंट तिच्यातून गेला तर फ्यूज बॉक्स जळेल. उलट डिकी उघडायला मोठी बॅटरी लागतच नाही. मोटरसायकलची किंवा यूपीएसची चालू स्थितीतली १२ व्होल्टची बॅटरी पुरते.

आणखी एक: वीज नसताना किल्ली इग्निशनमध्ये घालू नका. या पिढीत ती आत अडकून बसू शकते.

दार उघडताना काच रबरात अडकते. जोर लावू का?

नको! या दारांना काचेभोवती चौकट नाही. एरवी तुम्ही हँडल ओढता तेव्हा काच आपोआप बोटभर खाली सरकते आणि दार सुटतं. वीज नसली की काच वरच्या रबराच्या खोबणीत तशीच रुतलेली राहते. हँडल ओढून धरा, दुसऱ्या हाताच्या तळव्याने काचेची वरची कड हलकेच आत दाबत रबरातून सोडवा आणि दार सावकाश उघडा. बंद करताना खरी परीक्षा. धाडकन लावलं तर काचेची कड रबरावर आणि वरच्या पट्टीवर आपटते. वीज येईपर्यंत दार नुसतं टेकवून ठेवा, मध्ये जाडसर फडकं घाला.

जंपस्टार्ट कुठल्या क्रमाने करायचा?

लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग त्याच केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळा आधी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या बॉडीवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असू शकतो, म्हणून ही ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी नको. पाच-दहा मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. काढताना बरोबर उलट्या क्रमाने.

केबल जाड हवी. फुटपाथवर मिळणाऱ्या केबलमध्ये वरचं प्लॅस्टिकच जाड असतं आणि आत तांब्याच्या चार तारा. साडेतीन लिटरच्या इंजिनासाठी २५ चौरस मिलिमीटरची खरी तांब्याची केबल घ्या. त्याहून सोपं म्हणजे खिशात मावणारा लिथियम जंपस्टार्टर. मात्र बॅटरी पार शून्याला गेली असेल तर बरेच जंपस्टार्टर तिला ओळखतच नाहीत आणि करंट सोडत नाहीत. त्यांच्यावर सक्तीने चालू करायचं बटण असतं. ते दाबण्याआधी लाल-काळं तीनदा तपासा, कारण त्या वेळी उलटी जोडणी पकडणारी सुरक्षा बंद असते.

एक गोष्ट गाडी पावसाळ्यासाठी लावतानाच बघायची: तोंड भिंतीकडे करू नका. बॅटरी पुढे आहे. तोंड भिंतीला लागलं तर दुसऱ्या गाडीची केबल पोचत नाही आणि बंद गाडी मागे ढकलायला चार माणसं लागतात.

शेजाऱ्याच्या इलेक्ट्रिक गाडीवरून किंवा टेम्पोवरून जंप घेता येईल?

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांवरून नको. त्यांच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, पण ती स्टार्टरला करंट पुरवण्यासाठी बनवलेली नाही, आणि बहुतेक कंपन्या हँडबुकात स्पष्ट मनाई करतात. मोठ्या ट्रकची आणि बसची यंत्रणा २४ व्होल्टची असते. ती जोडली तर तुमच्या गाडीतले कंट्रोल युनिट एका झटक्यात जातील. मदतीला धावून आलेल्या ड्रायव्हरला नम्रपणे नाही म्हणा. लहान टेम्पो १२ व्होल्टचे असतात, तरी आधी मीटर लावून बघा.

धक्का स्टार्ट?

मॅन्युअल गिअरबॉक्स असेल आणि बॅटरीत निदान फ्युएल पंप चालवण्याइतका जीव असेल तरच. पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) किंवा ऑटोमॅटिकमध्ये प्रश्नच येत नाही. मॅन्युअलमध्येही सुचवणार नाही: न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, आणि बेसमेंटच्या उतारावर पॉवर स्टिअरिंग व ब्रेक बूस्टर नसताना ही गाडी ढकलणं म्हणजे खांबाला आमंत्रण.

सुरू झाली! आता अर्धा तास फिरवली की चार्ज होईल ना?

नाही. घरी परत येण्यापुरती होईल. अल्टरनेटर हा चार्जर नव्हे, भरलेली बॅटरी भरलेली ठेवणारं यंत्र आहे. पार रिकामी बॅटरी त्याच्या गळ्यात घातली तर तो बराच वेळ पूर्ण ताकदीने धावत राहतो आणि तापतो. या गाड्यांत अल्टरनेटर मागे इंजिनाशेजारी, आधीच गरम जागेत, आणि त्याची किंमत ऐकली तर चार्जर फुकट वाटेल. थेट घरी या आणि रात्रभर चार्जरला लावा.

चार्जर कोणता घ्यावा?

'स्मार्ट चार्जर' किंवा 'बॅटरी मेंटेनर' म्हणून मिळतो तो, टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा. आधी करंट देतो, व्होल्टेज १४.४ ते १४.७ पर्यंत नेतो, बॅटरी भरली की १३.५ च्या आसपास उतरून नुसती टेकू देत राहतो. तो महिनोन्महिने जोडलेला ठेवता येतो, किंबहुना त्यासाठीच तो आहे. पाच अँपिअरचा पुरतो. एजीएम बॅटरी असेल तर त्यावर एजीएमचा पर्याय हवा. स्वीडनच्या सीटेक कंपनीचे चार्जर या वर्तुळात बरेच दिसतात. फेरारी तर आपल्या गाड्यांबरोबर बॅटरी कंडिशनर देते. इतक्या महागड्या गाडीबरोबर तो देतात, यातच काय ते समजा.

बॅटरीच्या दुकानातला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर एखाद्या रात्रीसाठी, कुणीतरी लक्ष ठेवून असेल तर चालतो. सील केलेल्या एजीएमला तो लावू देऊ नका. व्होल्टेजवर ताबा नसतो, आतलं पाणी उडतं आणि सील असल्यामुळे परत घालता येत नाही.

चार्जरबरोबर गोल कड्यांची एक छोटी वायर येते. ती बॅटरीच्या टर्मिनलांवर कायमची कसून घ्या आणि प्लगचं टोक डिकीच्या रबरी कडेतून बाहेर काढून ठेवा. मग दर वेळी डिकी उघडावी लागत नाही, आणि बॅटरी उतरलीच तर याच वायरीतून हळूहळू चार्ज करून डिकीचं बटण जागं करता येतं. आधीच्या सगळ्या कसरतीपेक्षा हे फार सोपं आहे. किल्ली काढल्यावरही सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये करंट राहत असेल तर मेंटेनर तिथूनही जोडता येतो. राहतो की नाही, हे चाचणी दिवा लावून पाहा.

आमच्या बेसमेंटमध्ये प्लग नाही आणि कमिटी परवानगी देत नाही.

खरं तर हाच मुख्य अडथळा. कमिटीला वाटतं हा माणूस सोसायटीच्या विजेवर गाडी चालवणार. आकडा लिहून द्या: बॅटरी भरल्यावर मेंटेनर सरासरी १० वॅट घेतो असं धरलं, तर महिन्याला ७ युनिटच्या थोडं वर. बारा रुपये युनिट लावलं तरी नव्वद रुपयांच्या आत. वेगळा छोटा मीटर बसवायची तयारी दाखवा. आता बऱ्याच सोसायट्यांत ईव्ही चार्जिंगसाठी पार्किंगपर्यंत वायरिंग होतंय, त्याच वेळी आपल्या खांबावर एक साधा सॉकेट मागून घेणं सगळ्यात सोपं. पाणी साचणाऱ्या बेसमेंटमध्ये सॉकेट कमरेच्या वर आणि ईएलसीबीच्या (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) संरक्षणाखाली हवा, एवढं वायरमनला बजावून सांगा.

तरीही नाहीच जमलं तर बॅटरी काढून घरी न्या आणि तिथे चार्ज करा. वीसेक किलोचं धूड असतं, सरळ उभं धरायचं. सोलर पॅनलच्या जाहिरातींना बेसमेंटमध्ये अर्थ नाही.

नुसतं टर्मिनल काढून ठेवलं तर?

चालतं. प्लग मिळत नसेल तर हाच उपाय. १० नंबरचा पाना, आधी निगेटिव्ह काढायचा, जोडताना तो शेवटी. पॉझिटिव्हला पाना लावलेला असताना त्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं तर जबर शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधीच काढलेला असला की ती भीती नाही.

पण दोन अटी. टर्मिनल काढल्यावर पुढची डिकी लॉक करू नका, नाहीतर पुन्हा फ्यूज बॉक्स आणि लाल टर्मिनल. झाकण नुसतं टेकवून ठेवा. आणि लक्षात घ्या की अलार्म, इमोबिलायझर, ट्रॅकर सगळं झोपलेलं आहे. बेसमेंटवर तुमचा भरवसा किती, त्यावर ठरवा. बॅटरी स्वतःहून उतरते ती उतरतेच, म्हणून दीड-दोन महिन्यांनी एकदा चार्ज द्यावाच लागतो.

टर्मिनल परत जोडल्यावर डॅशबोर्डवर दिवे पेटलेत आणि काचा नीट चालत नाहीत. काही बिघडलं का?

बहुधा काहीच नाही, गाडी विसरली आहे. काच पूर्ण वर घ्या आणि बटण आणखी काही सेकंद वर ओढून धरा, दोन्ही बाजूंना. तेव्हा काचेला आपली वरची हद्द पुन्हा कळते. स्थिरता नियंत्रणाचा दिवा पेटला असेल तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं अंतर सरळ चालवा. इग्निशन चालू करून अॅक्सिलरेटरला पाय न लावता मिनिटभर थांबा, मग सुरू करा. पहिले काही किलोमीटर आयडलिंग जरा वर-खाली होईल. रेडिओने कोड मागितला तर तो गाडीच्या कागदपत्रांत असतो. म्हणूनच सेकंडहँड गाडी घेताना ते पाकीट मागून घ्यायचं.

इतकं करूनही दिवा राहिला तर स्कॅनर लावा. व्होल्टेज कमी झाल्यावर या गाड्या डझनभर खोटे एरर कोड नोंदवतात. आधी ते पुसा, मग जे परत येतील त्यांचाच विचार करा. पहिल्या यादीवरून कुणी सुटे भाग बदलायला सांगत असेल तर दुसरा मेकॅनिक बघा.

मेंटेनर नसताना आठवड्याभरातच उतरते. पाणी कुठे मुरतंय?

मग बहुधा गाडीत नंतर बसवलेलं काहीतरी. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून घातलेला अॅम्प्लिफायर, आधीच्या मालकाने लावलेला आणि आता कुणाला ठाऊक नसलेला दुसरा अलार्म. संशय घ्यायचा तो या क्रमाने.

मोजायला मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा आणि निगेटिव्ह टर्मिनल व त्याची केबल यांच्यामध्ये मालिकेत जोडा. डिकी उघडी असताना तिचा दिवा चालू राहतो आणि सगळं मोजमाप बिघडवतो, म्हणून कुलुपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून गाडीला डिकी बंद असल्याचं भासवा. उघडताना ती आठवणीने मोकळी करायची. किल्ली लांब घरात ठेवा. आणि थांबा, निदान अर्धा तास, काही गाड्यांत तासभर. सुरुवातीला कित्येक अँपिअर दिसतील, कंट्रोल युनिट एकेक करून झोपत जातील तसा आकडा खाली येईल. ५० मिलिअँपिअरच्या खाली स्थिरावला तर गाडी ठीक आहे, बॅटरीच म्हातारी झाली. २००-३०० वर अडला तर एकेक फ्यूज काढत बघायचं, कुठला काढल्यावर आकडा पडतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जाईल.

हे काम ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायला हरकत नाही, पण त्याच्याकडे डीसी क्लॅम्प मीटर आहे का ते विचारा. तो नुसता केबलभोवती लावायचा असतो, टर्मिनल काढावंच लागत नाही.

नवी बॅटरी घेताना काय बघू?

गाडीत मुळात एजीएम असेल तर एजीएमच. साधी असेल तर एजीएम लावता येते, आणि बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी तीच घेईन, कारण तिचं स्वतःहून उतरणं कमी असतं. चार्जिंग व्होल्टेज जमतंय का ते मात्र मेकॅनिककडून तपासून घ्या. आकार युरोपियन डीआयएन मापाचा लागतो. पायथ्याशी धरून ठेवणारी पट्टी नेमकी बसली पाहिजे, नाहीतर जोरात वळण घेताना बॅटरी डिकीत सरकते. बॅटरी बंद डिकीत असल्यामुळे तिच्यातला वायू बाहेर नेणारी एक बारीक नळी असते. बदलताना ही नळी परत जोडली का, हे स्वतः बघा, दुकानातला मुलगा विसरण्याची शक्यता दाट.

बनवल्याची तारीख बघा. दुकानात सहा महिने न चार्ज करता पडलेली 'नवी' बॅटरी नवी नाही. ९९७-९८७ नंतरच्या पिढ्यांतल्या बऱ्याच जर्मन गाड्यांना नवी बॅटरी बसवल्याचं स्कॅनरने कळवावंही लागतं, नाहीतर गाडी जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहते.

लिथियम बॅटरी टाकावी का? वजन कमी होतं म्हणे.

होतं खरं. पोर्शेने २००९ च्या अखेरीस लिथियम-आयन स्टार्टर बॅटरी पर्याय म्हणून जाहीर केली, जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्सटर स्पायडरसाठी. वजन सहा किलोच्या आत, म्हणजे नेहमीच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून जास्त हलकी. पण ती ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीसाठी होती. चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत लिथियमचा फायदा काय? प्रत्यक्ष अँपिअर-तास कमी असतात, म्हणजे अलार्म तिला लवकर संपवतो. साध्या चार्जरचा सल्फेशन काढणारा टप्पा तिला घातक ठरू शकतो, म्हणून चार्जर वेगळा. आपल्याकडच्या वापराला एजीएम आणि मेंटेनर ही जोडी बरी. दहा किलो कमीच करायचे असतील तर डिकीतलं सामान काढा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली आहे.

टर्मिनल काढा, खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने धुवा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, कोरडं करा, कसा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. गॉगल घाला.

टो करायची वेळ आली तर?

फक्त फ्लॅटबेड. पुढची चाकं उचलून मागची फरफटत नेणारी क्रेन चालणार नाही, चाकांना ताकद मागे आहे. बॅटरी उतरल्यावर ऑटोमॅटिकचा लिव्हर पार्कमध्ये अडकतो, तो सोडवायची पद्धत हँडबुकात असते. टो हुक पुढच्या डिकीतल्या टूलकिटमध्ये असतो, म्हणजे फ्लॅटबेड बोलावण्याआधी डिकी उघडलेली हवी.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ का?

नको. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती अधिकृत संकलकाकडे किंवा विक्रेत्याकडेच परत जायला हवी. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे ती फोडली जाते, अॅसिड गटारात आणि शिसं उघड्या भट्टीत. दुकानदार नवीन बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजा करतो, शिसं असतं त्यामुळे रक्कम बरी असते. बिलावर ती वजावट वेगळी लिहून घ्या आणि वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का मारून घ्या.